दवाखान्यातून सुट्टी मिळतेय, पण घरी न्यावं अशी तब्येत नाही : मधल्या काळासाठी पुनर्वसन केंद्र, कुणाचा अनुभव?

गोदाकाठी

नमस्कार मंडळी. आण्णांना (वय 68) पक्षाघाताचा झटका आला. उजवी बाजू गेली, वाचाही गेली. संभाजीनगरच्या एका खासगी दवाखान्यात आधी आयसीयू, मग वॉर्ड झाला. जिवावरचं टळलं, आता चार-पाच दिवसांत सुट्टी देतो, असं डॉक्टर म्हणतात. पण आण्णांना जेवण अजून नाकातल्या नळीनं चाललंय, लघवीला नळी आहे, कूस बदलायला दोन माणसं लागतात. गाव परतूर तालुक्यात. तिथं आई एकटी, तिचे गुडघे गेलेले. मी वाळूजला कंपनीत, शिफ्ट ड्युटी. इथलं घर भाड्याचं, दुसऱ्या मजल्यावर, लिफ्ट नाही.

दवाखान्यातच एका कंपनीचा माणूस येऊन माहितीपत्रक देऊन गेला. त्यांचं पुण्यात केंद्र आहे. दवाखाना आणि घर यांच्या मधल्या काळात रुग्णाला ठेवून घेतात. फिजिओ, स्पीच थेरपी, चोवीस तास नर्स, जेवण, सगळं एका जागी. खर्च महिन्याला लाखाच्या वर. बहीण म्हणते न्या. चुलते म्हणतात, लोक काय म्हणतील, बापाला आश्रमात टाकलं म्हणतील. माझं डोकं चालेना झालंय. असं केंद्र वापरलेलं कुणी आहे का? खरंच फरक पडतो का? आणि मराठवाड्यात जवळपास काही आहे का?

बालाघाटकर

भाऊ, आधी धीर धरा. पण माझं मत विचाराल तर घरीच न्या. आपल्या माणसाला परक्याच्या हवाली कामून करायचं? माझ्या आजोबांना असाच झटका आला होता. घरात बारा माणसं, कुणी ना कुणी उशाशी असायचंच. नातवंडांच्या आवाजानं माणूस जितका सुधारतो तितका एसी खोलीत सुधारत नाही. तेवढ्या पैशात गावातला गडी कितीतरी महिने ठेवता येईल.

हुरडा_पार्टी

आण्णांना लवकर बरं वाटो. वाचतोय.

फिजिओताई_संभाजीनगर

गोदाकाठी दादा, मी याच कामात आहे म्हणून जरा सविस्तर लिहिते.

पक्षाघातानंतर मेंदू स्वतःला नव्यानं जुळवून घेत असतो, आणि त्याचा सगळ्यात जास्त वेग पहिल्या तीन महिन्यांत असतो. सहा महिन्यांपर्यंत बरीच सुधारणा होते, पुढेही होते, पण गती मंदावते. शेतकऱ्याच्या भाषेत सांगायचं तर हा वाफसा आहे, म्हणजे पेरणीसाठी जमीन तयार असण्याचा काळ. आण्णांचा हा काळ पलंगावर नुसतं पडून गेला तर सांधे आखडतात, पाऊल खाली लोंबायला लागतं, खांदा निसटतो, आणि मग तेच दुरुस्त करण्यात महिने जातात. म्हणून "थोडी ताकद येऊ द्या, मग व्यायाम करू" हे वाक्य घरात कुणालाही म्हणू देऊ नका. ताकद व्यायामानंच येते.

केंद्र चांगलं असेल तर फरक नक्की पडतो. कारण तिथं एकाच रुग्णावर फिजिओ, ऑक्युपेशनल थेरपिस्ट (रोजची कामं परत शिकवणारा), स्पीच थेरपिस्ट आणि नर्स असे चौघे मिळून काम करतात, आणि वर पुनर्वसनाचा डॉक्टर असतो. पुनर्वसन ही वैद्यकशास्त्राची स्वतंत्र शाखा आहे. त्यात एमडी करता येतं. मुंबईत हाजी अलीला केंद्र सरकारची अखिल भारतीय संस्था 1955 पासून हेच काम करते. आपल्याकडं मात्र हे डॉक्टर फारच थोडे.

पण केंद्र निवडताना इमारत बघू नका. हे विचारा : "आण्णांसाठी तुमचं उद्दिष्ट काय आणि ते किती आठवड्यांत?" उत्तर "आम्ही उत्तम काळजी घेतो" असं आलं तर उठून या. "तीन आठवड्यांत आधाराशिवाय पलंगाच्या कडेला बसवू, गिळण्याची तपासणी करून नळी काढता येते का बघू, सहा आठवड्यांत एका माणसाच्या मदतीनं खुर्चीत" असं आलं तर पुढचं बोला. बार्थेल इंडेक्स नावाची शंभर गुणांची सोपी मोजणी असते. खाणं, आंघोळ, कपडे, संडास-लघवी, पलंगावरून उठणं, चालणं, जिना अशा दहा गोष्टी त्यात येतात. दाखल करताना किती आणि दर आठवड्याला किती, हे कागदावर मागा. आणि दिवसाला थेरपी नेमकी किती तास आणि कोण देणार, हेही लिहून घ्या. फिजिओची नोंदणी महाराष्ट्राच्या व्यवसायोपचार व भौतिकोपचार परिषदेकडं असते, नर्सची नर्सिंग कौन्सिलकडं. नोंदणी विचारण्यात संकोच करू नका.

सूनबाई_लातूर

बालाघाटकर दादा, तुमचा मान राखून लिहिते. "घरात बारा माणसं" म्हणालात. त्या बारांतल्या किती जणांनी आजोबांची चादर बदलली?

माझे सासरे पाच वर्षं अंथरुणावर होते. भेटायला सगळे यायचे, सफरचंदं आणायचे, चहा घेऊन जायचे. रात्री दोन वाजता कूस मी बदलायची. सासूबाई दिवसा करायच्या, त्यांचीही पाठ गेली. नवरा कामावरून येऊन बसायचा, त्यानं खूप केलं, ते नाकारत नाही. पण घरी करू म्हणणाऱ्यानं आधी सांगावं की कोण करणार. नाव घेऊन सांगावं. मराठवाड्यातल्या बहुतेक घरांत ते नाव बाईचंच असतं आणि तिला कुणी विचारलेलं नसतं.

गोदाकाठी, तुमच्या आईचे गुडघे दुखतात असं तुम्हीच लिहिलंय. आण्णांना उचलता उचलता त्या पडल्या तर तुमच्याकडं दोन रुग्ण होतील. चुलत्यांना सांगा, आश्रम नाही, दवाखान्याचाच पुढचा भाग आहे.

मांजराकाठ

सूनबाईंना शंभर टक्के अनुमोदन. आणि बारा माणसांची घरं राहिलीत कुठं? आमच्या केज-धारूरकडं दिवाळी झाली की ऊसतोडीला अख्खी वस्ती निघते. मागं उरतात म्हातारी माणसं आणि शाळेतली लेकरं. आमच्या शेजारच्या मामांना झटका आला तेव्हा दोन्ही मुलं कोल्हापूरकडं कारखान्यावर, मुकादमाची उचल घेतलेली, परत येता येईना. मामी एकटी. महिनाभरात पाठीला एवढी मोठी जखम. लाखाचं केंद्र त्यांना स्वप्नातही नाही आणि घरही नाही. अशांचं काय, यावर कुणी बोलत नाही.

सिस्टर_अंबाजोगाई

मांजराकाठ, अशा जखमा मी वॉर्डात रोज बघते, म्हणून हे सगळ्यांसाठी लिहिते. पैसा असो नसो, एवढं सुट्टीच्या आधी शिकून घ्याच. आणि शिकवा म्हणून वॉर्डातल्या सिस्टरच्या मागं लागा, तो तुमचा हक्क आहे.

कूस दर दोन तासांनी, रात्रीसुद्धा. माकडहाड, टाचा, नितंबाची हाडं रोज बघायची. लाल झालेली जागा बोटानं दाबून सोडली आणि लाली तशीच राहिली तर जखमेची ती सुरुवात आहे. त्या जागेवर भार नको आणि चोळायचंही नाही. हवेची गादी आणली म्हणून कूस बदलणं सुटत नाही.

नळीनं भरवताना डोक्याकडची बाजू उंच, निदान तीस ते पंचेचाळीस अंश. भरवून झाल्यावर अर्धा-पाऊण तास तसंच ठेवायचं. आडवं ठेवून भरवलं की अन्न श्वासनलिकेत जातं आणि न्यूमोनिया होतो. परत दाखल होणारे बरेच जण याच कारणानं येतात. आणि हात जोडून सांगते, भेटायला आलेल्या मावशीला "एक घोट चहा पाजते" म्हणू देऊ नका. गिळण्याची तपासणी होईपर्यंत तोंडानं पाणीसुद्धा नाही.

लघवीची पिशवी नेहमी कमरेच्या खाली. नळीची गरज संपली की काढायची. "असू द्या सोयीचं आहे" म्हणून महिनोन्महिने ठेवली की जंतुसंसर्ग ठरलेला.

उचलताना लुळ्या हाताला धरून ओढायचं नाही. खांदा निखळतो आणि तो आयुष्यभर दुखतो.

आणि एक. माणूस गप्प गप्प राहतो, रडतो, जेवत नाही, तेव्हा घरचे म्हणतात जिद्द सोडली. झटक्यानंतर साधारण तीनातल्या एकाला खरोखरचं नैराश्य येतं. त्याला औषध आहे. डॉक्टरांना सांगा.

नांदेडी_माणूस

आम्ही आईला हैदराबादला अशाच एका केंद्रात ठेवलं होतं. नाव लिहीत नाही. नांदेडहून पुण्यापेक्षा हैदराबाद सोयीचं पडतं, म्हणून तिकडं. खरं सांगतो, व्यायामाच्या बाबतीत एक नंबर. गेली तेव्हा मान धरत नव्हती, आली तेव्हा वॉकर धरून उभी.

दोन गोष्टी मात्र खटकल्या. पॅकेजमध्ये डायपर, औषधं, तपासण्या, बाहेरच्या डॉक्टरांची भेट काहीच धरलेलं नव्हतं. सांगितलेल्या आकड्यापेक्षा बिल बरंच फुगायचं. आणि रात्रपाळीला माणसं कमी. दिवसा नर्स, रात्री नुसती मदतनीस पोरगी, तीही नवी. म्हणून भेट द्यायची तर रात्री नऊनंतर द्या.

आणि सर्वात महत्त्वाचं. स्पीच थेरपी हिंदीतून व्हायची. आमच्या आईचं उभं आयुष्य भोकर तालुक्यात गेलेलं. "ये क्या है?" म्हणून कप दाखवला तर ती नुसती बघायची. घरी आल्यावर बहिणीनं जात्यावरच्या ओव्या म्हणायला घेतल्या आणि आईचे ओठ हलायला लागले.

फिजिओताई_संभाजीनगर

नांदेडी दादांचा हा मुद्दा फार मोलाचा आहे. वाचा गेलेल्या माणसात गाणं, प्रार्थना, मोजदाद, शिव्या, म्हणजे तोंडात बसलेलं बोलणं पुष्कळदा शाबूत राहतं. म्हणून थेरपी रुग्णाच्या बोलीतच हवी. आण्णा वारकरी असतील तर रोज हरिपाठ लावा आणि ओळ अर्धी सोडा. पुढची ओळ ते स्वतः धरतात का बघा.

हुरडा_पार्टी

शिव्यांवरून आठवलं. आमच्या मोठ्या काकांची वाचा गेली होती. सगळे हळहळत बसलेले. एक दिवस शेजाऱ्याची म्हैस अंगणात शिरली आणि काकांनी अशी अस्सल परभणी शिवी हासडली की काकू आनंदानं रडल्या. घरात पेढे वाटले. नंतर डॉक्टर विचारत होते पहिला शब्द कोणता, कुणी सांगेना!

सूनबाई_लातूर

😀 म्हशीला स्पीच थेरपिस्टची फी द्यायला पाहिजे होती.

विमा_सल्ला

पैशाचं कुणी बोललं नाही म्हणून. मेडिक्लेम आहे म्हणून निर्धास्त राहू नका. विमा नियामकानं, म्हणजे आयआरडीएआयनं, प्रमाणित केलेल्या वगळण्यांच्या यादीत पाचव्या क्रमांकावर विश्रांती, पुनर्वसन आणि तात्पुरती देखभाल हेच आहे. आंघोळ घालणं, कपडे घालणं, हिंडवणं अशा देखभालीसाठी कुठं ठेवलं, अगदी घरी नर्स ठेवली, तरी तो खर्च सर्वसाधारण पॉलिसीत बसत नाही. मात्र दवाखान्यानंतरच्या ठरावीक दिवसांचा खर्च बहुतेक पॉलिसींत असतो, पुष्कळांत साठ दिवस. त्यात डॉक्टरांनी लिहून दिलेली फिजिओथेरपी, औषधं, तपासण्या बसू शकतात. म्हणून सुट्टीच्या कागदावर फिजिओथेरपी किती आठवडे, हे डॉक्टरांकडून स्पष्ट लिहून घ्या आणि प्रत्येक पावती जपा.

महात्मा फुले जन आरोग्य योजनेत ठरलेल्या उपचारांचं पॅकेज असतं. तिच्या जिवावर महिनोन्महिने केंद्रात राहता येत नाही.

प्राप्तिकराच्या जुन्या पद्धतीत असाल तर अवलंबून असलेल्या दिव्यांग आईवडिलांसाठी (1961 च्या कायद्यात कलम 80डीडी) 75,000 रुपये, तीव्र अपंगत्व असेल तर 1,25,000 रुपये वजावट आहे. त्याला प्रमाणपत्र लागतं.

पैलतीर_उदगीरची

मी मूळची उदगीरची, सध्या अमेरिकेत याच क्षेत्रात नोकरी करते. तिकडं हा मधला टप्पा फार मोठा उद्योग आहे, म्हणून थोडं सांगते.

दवाखान्यातून बाहेर पडल्यावर तीन वेगवेगळ्या जागा असतात. व्हेंटिलेटर किंवा फार गुंतागुंत असेल तर दीर्घ मुदतीचं रुग्णालय, जिथं सरासरी मुक्काम पंचवीस दिवसांच्या वर असतो. जोरात व्यायाम झेपणाऱ्यांसाठी पुनर्वसन रुग्णालय, जिथं साधारण दिवसाला तीन तास, आठवड्यातले पाच दिवस थेरपी हवीच. आणि तेवढं न झेपणाऱ्यांसाठी नर्सिंग केंद्र. मेडिकेअर हा वृद्धांचा सरकारी विमा नर्सिंग केंद्राचे जास्तीत जास्त शंभर दिवस धरतो, त्यातले पहिले वीस पूर्ण खर्चाचे. पुढं कायमचं राहायचं तर पदरचे पैसे, ते संपले की मेडिकेड ही गरिबांची योजना. म्हणजे श्रीमंत देशातही "आयुष्यभर सांभाळायचं कुणी" हा प्रश्न सुटलेला नाही.

हे चालवणाऱ्या कंपन्या अवाढव्य आहेत. त्यातली जेनेसिस हेल्थकेअर ही एकेकाळी सर्वात मोठ्यांपैकी एक. जुलै 2025 मध्ये तिनंही दिवाळखोरीचा अर्ज केला. म्हणून नाव किती मोठं यावर जाऊ नका. एकाच कंपनीचं एक केंद्र उत्तम आणि दुसरं वाईट असू शकतं. तिकडं सरकार नर्सिंग केंद्रांना एक ते पाच तारे देतं आणि ते कुणालाही बघता येतात. आपल्याकडं अशा केंद्रांना तारे नाहीत, तेव्हा वरची फिजिओताईंची यादी हेच तुमचे तारे.

सर्वात शिकण्यासारखं म्हणजे तिकडं दाखल झाल्यापासून घरी जाण्याची तयारी सुरू होते. घरात पायऱ्या किती, न्हाणीघराचं दार किती रुंद, कोण सांभाळणार, हे सगळं विचारतात आणि सांभाळणाऱ्याला हातानं करायला लावून शिकवतात. पुण्याच्या केंद्राला हेच विचारा : आमच्या आईला आणि मला शिकवणार का? जे केंद्र घरच्यांना शिकवत नाही त्याला रुग्ण घरी पाठवायची घाई नाही, असं खुशाल समजा.

किल्लारी९३

विषय निघालाच आहे तर. 30 सप्टेंबर 1993 च्या पहाटे आमच्याकडं भूकंप झाला. मेलेल्यांचा आकडा सगळ्यांना माहीत आहे. ढिगाऱ्याखालून काढलेल्यांत पाठीचा कणा मोडलेलीही माणसं होती, त्यांच्याबद्दल फार कुणी लिहिलं नाही. मुंबई-पुण्याहून डॉक्टर आले, ऑपरेशनं झाली, देवासारखी माणसं होती. पण तंबूत परत आलेल्या माणसाला कूस कशी बदलायची हे कुणी शिकवलं नव्हतं. माझ्या मावसभावाचा जीव भूकंपानं नाही, नंतरच्या जखमेनं घेतला. तीस वर्षं उलटून गेली तरी जिल्ह्याच्या ठिकाणी सरकारी पुनर्वसन वॉर्ड पाहिजे ही मागणी कुणाच्याच जाहीरनाम्यात नाही, याचा मला राग येतो. ऊसतोडवाल्या मामांसाठी उत्तर तेच आहे. कंपन्या येतील तिथं जिथं पैसे आहेत. बाकीच्यांसाठी सरकारी दवाखान्यातच खाटा पाहिजेत.

मांजराकाठ

किल्लारी दादा, यावर वेगळा धागा काढाच. आम्ही सह्या गोळा करू.

बालाघाटकर

सगळं वाचलं. सूनबाई, तुमचा प्रश्न रास्त आहे. तरी माझं म्हणणं एवढंच, केंद्रात ठेवलं तरी घरचं माणूस रोज दिसलं पाहिजे. पुणं लांब आहे. गोदाकाठी भाऊ आठवड्याला एकदा जाणार, आण्णांना बोलता येत नाही, कुणाला सांगणार? त्यापेक्षा संभाजीनगरातच काही जमत असेल तर बघा. तळमजल्याची खोली पाहिजे असेल तर सिडकोत मपल्या मित्राची रिकामी आहे, भाड्याचं मी बोलतो.

फिजिओताई_संभाजीनगर

बालाघाटकर दादांचं हे पटलं. संभाजीनगरात एमजीएमसारखी फिजिओथेरपीची कॉलेजं आहेत, घाटीत, म्हणजे सरकारी दवाखान्यात, फिजिओ विभाग आहे. तळमजल्याची खोली, दिवसाआड ओपीडीत व्यायाम, मधल्या दिवशी घरी येणारा फिजिओ आणि नर्सिंग ब्युरोकडून दिवसपाळीला एक अनुभवी माणूस, असं जुळवता येतं. खर्च पुण्यापेक्षा पुष्कळ कमी. पण एक अट. नळी आणि गिळण्याचा प्रश्न आधी मार्गी लागला पाहिजे, आणि ताप किंवा कफ नको. तोवर नर्सच्या देखरेखीतच राहू द्या.

गोदाकाठी

सगळ्यांचे मनापासून आभार. आज वॉर्डातल्या सिस्टरनी मला आणि बहिणीला कूस बदलणं आणि नळीनं भरवणं हातात देऊन शिकवलं. बहिणीचा हात माझ्यापेक्षा हलका आहे, पण रात्रीची पाळी मी घेणार असं तिला सांगितलंय. आईला उचलायचं काहीही करू देणार नाही.

पुण्याच्या केंद्राला फोन करून उद्दिष्टांबद्दल विचारलं. मार्केटिंगवाल्यानं तेच माहितीपत्रक परत पाठवलं. मग त्यांच्या फिजिओशीच बोलायचं म्हटलं. त्या मॅडम नीट बोलल्या, रिपोर्ट मागवले, चार आठवड्यांचा आराखडा लिहून देते म्हणाल्या. घरच्या एकाला सोबत राहता येतं आणि शिकवतात, पण बोलणं-चालणं मराठीत हवं म्हटल्यावर बघून सांगते म्हणाल्या.

असं ठरवतोय : आराखडा पटला तर चारच आठवडे तिथं, बहीण सोबत राहील. चार आठवड्यांची मुदत आधीच लिहून घेणार. त्यानंतर सिडकोतली तळमजल्याची खोली आणि फिजिओताईंनी सांगितलेली व्यवस्था. बालाघाटकर दादा, खोलीचं नक्की बोला. न्हाणीघराचं दार किती रुंद आहे ते मोजून मिळेल का? आणि दिव्यांग प्रमाणपत्राचं लगेच सुरू करू का?

विमा_सल्ला

प्रमाणपत्राला थांबा. झटक्यानंतर साधारण सहा महिन्यांनी, किती अपंगत्व राहिलं हे स्पष्ट झाल्यावर, सरकारी दवाखान्याचं मंडळ तपासतं. 40 टक्के किंवा जास्त असेल तर योजनांचा लाभ मिळतो. यूडीआयडीसाठी, म्हणजे दिव्यांगांच्या ओळखपत्रासाठी, ऑनलाइन अर्ज करता येतो. तोवर कागद एका फाइलीत ठेवा. आण्णा 65 च्या वर आहेत, कुटुंबाचं उत्पन्न दोन लाखांच्या आत असेल तर मुख्यमंत्री वयोश्री योजनेचे 3,000 रुपये साधनांसाठी मिळतात. तुमच्या नोकरीमुळं बसेल का ते समाजकल्याण कार्यालयात विचारा.

बालाघाटकर

मोजून घेतलं. दार अठ्ठावीस इंच, उंबरा दोन इंचांचा. मालक उंबरा फोडून देतो म्हणतोय. कमोड भारतीय आहे, वर ठेवायची खुर्ची मिळते ती मी बीडहून आणतो.

फिजिओताई_संभाजीनगर

अठ्ठावीस चालेल, पण व्हीलचेअर घेताना हातचाकांसकट बाहेरची रुंदी पंचवीस इंचांच्या आतली बघा. दोन्ही बाजूंना बोटं वाचली पाहिजेत. न्हाणीघरात कमोडच्या डाव्या हाताला भिंतीत पक्की दांडी बसवून घ्या. आण्णांचा चांगला हात डावा आहे.